वाढत्या अंगाचे कपडे

१९४५ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या 'प्लेन डीलर' या वृत्तपत्राने एक स्पर्धा जाहीर केली. शहरातल्या आरोग्य संग्रहालयाने नुकताच एका तरुणीचा पुतळा घेतला होता. तिचं नाव नॉर्मा. रॉबर्ट डिकिन्सन हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एब्रम बेल्स्की हे शिल्पकार, या दोघांनी तो घडवला होता आणि त्यासाठी जवळपास पंधरा हजार तरुण अमेरिकी स्त्रियांच्या मापांची सरासरी धरली होती. वाचक स्त्रियांनी आपली नऊ मापं पाठवायची आणि जिचं अंग नॉर्माशी जुळेल तिला बक्षीस, अशी ती स्पर्धा. ३,८६४ जणींनी मापं पाठवली. परीक्षकांची कल्पना अशी की पुष्कळजणी जुळतील आणि निकाल मिलीमीटरवर लागेल. प्रत्यक्षात नवाच्या नऊ मापांत जुळणारी एकही बाई निघाली नाही. पाच मापांत जवळपास येणाऱ्यासुद्धा चाळीसच्या आतच भरल्या. अखेर त्यातल्या त्यात जवळच्या एका तरुणीला बक्षीस देऊन आयोजक मोकळे झाले.

यावरून तिथल्या जाणत्या मंडळींनी काढलेला अर्थ मला पुतळ्यापेक्षा बोलका वाटतो. पुतळा चुकला असं फारसं कुणाला वाटलं नाही. बायकांची प्रकृती बिघडली आहे, त्यांना व्यायाम हवा, असं ठरलं. आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतल्या ट्रायल रूममध्ये रोज हाच निकाल लागत असतो. कुर्ती खांद्यात बसते आणि पोटावर ताणते, पँट कमरेत बसते आणि मांडीत अडकते. आत गेलेलं माणूस बाहेर येऊन "मला होत नाही" असं जरा ओशाळून सांगतं. "तुमची पँट चुकली आहे" असं म्हणणारा गिऱ्हाईक विरळा. हे पुस्तक कपडे बेतणाऱ्यांसाठी आणि बेतायला शिकणाऱ्यांसाठी आहे. कपडा अंगाला झाला नाही तर चूक कपड्याच्या खात्यावर मांडायची, एवढी एक अट मान्य असेल तर पुढची पानं उपयोगी पडतील.

नॉर्माची मापं आली कुठून हेही सांगायला हवं, कारण ती शिल्पासाठी घेतलेली नव्हतीच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गृहअर्थशास्त्र विभागाने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्याकरवी १९३९-४० मध्ये ती मोजणी केली, ती तयार कपड्यांच्या धंद्यासाठी. टपालाने मागवलेले कपडे मापात न बसल्यामुळे परत येत आणि व्यापाऱ्यांना तो भुर्दंड सोसत नव्हता. एकेका स्त्रीची ५९ मापं घेतली गेली. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांचीही मापं घेतली होती, पण शेवटच्या हिशेबात ती धरली नाहीत. या पायावर १९५८ साली स्त्रियांच्या कपड्यांचं सरकारी प्रमाण जाहीर झालं आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. तोवर अंगाला आकडा चिकटवायची सवय जगभर रुजली होती. पुरुषांच्या तयार मापांचा इतिहास त्याहून जुना. त्याला मोठा रेटा मिळाला तो सैन्याच्या गणवेशांनी. पुरुषांच्या मापांमागे सैनिक आणि बायकांच्या मापांमागे टपालाने कपडे मागवणारी गोरी गृहिणी, अशा दोन अंगांवरून निघालेले आकडे पुढे सगळ्या दुनियेने वापरले.

आपल्याकडच्या तयार कपड्यांवरचे एस, एम, एल बराच काळ असेच उसने होते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'निफ्ट'मार्फत 'इंडियासाइझ' ही मोजणी २०१८ नंतर हाती घेतली. सहा शहरांत त्रिमितीय स्कॅनर लावून पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापं घ्यायची, अशी ती योजना. उशिरा झालं तरी चांगलं झालं. शिलाँगमधल्या आणि मुंबईतल्या अंगांची ठेवण एक नाही हे आकड्यांत उतरायलाच हवं होतं. तरी नॉर्मा विसरून चालणार नाही. चांगल्या आकड्यांतून चांगली सरासरी निघेल, आणि त्या सरासरीत हुबेहूब बसणारं माणूस शिलाँगलाही सापडणार नाही.

आता कारखान्यात काय होतं ते पाहू, कारण बिघाड तिथे आहे. एक नमुना-माप धरतात, बहुधा छोटं किंवा मध्यम. त्या मापाच्या मॉडेलच्या अंगावर कपडा नीट बसवतात. मग त्याच कागदी बेताला ठरावीक पायऱ्यांनी मोठं-लहान करत नेतात, प्रत्येक पायरीला छातीत दोनेक इंच, गळ्यात इतकं, खांद्यात तितकं. याला ग्रेडिंग म्हणतात. दोन-तीन मापं वर-खाली हा हिशेब चालतो. त्यापुढे तो ढासळतो, कारण अंग फोटोसारखं सगळीकडून सारखं मोठं होत नाही. वजन वाढलं म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत. दंड मात्र भरतो. पोट पुढे येतं आणि समोरचा घेर वर उचलतो. म्हणून एम वरून ओढत ओढत थ्री-एक्सएलपर्यंत नेलेल्या कुर्तीचा गळा खांद्यावरून घसरतो, मुंढा खाली लोंबतो, दंडात मात्र ती करकचून बसते. पुढून आखूड दिसते ते वेगळंच. मोठ्या अंगासाठी नवा बेतच लागतो, आणि तोही एक पुरत नाही. ही गोष्ट आजची नाही. लिथुआनियातून न्यूयॉर्कला आलेल्या लेना ब्रायंट या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला गर्भवतींचे कपडे शिवून दुकान थाटलं (बँकेच्या अर्जावर लेनाचं 'लेन' झालं आणि दुकानाला तेच नाव राहिलं). पुढे भरल्या अंगाच्या स्त्रियांसाठी कपडे काढताना त्यांनी आपल्या साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापं घेतली, विमा कंपनीकडून सुमारे दोन लाख स्त्रियांची आकडेवारी मिळवली, आणि जाड अंगाचे निदान तीन वेगळे घाट असतात असं ठरवूनच बेत काढले. शंभर वर्षांपूर्वी एका दुकानदार बाईला उमगलेलं हे तत्त्व पुष्कळ ब्रँड आजही 'प्लस' अशा एका पाटीखाली गुंडाळून टाकतात. आपल्या बाजारातली 'फ्री साइझ' ही पाटी तर आणखी धीट. तिच्याखाली एकच माप असतं, आणि ज्याला ते होत नाही त्याने काय करायचं ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

याउलट गल्लीतल्या शिंप्याची रीत पाहा. तो शिवणीत माया सोडतो, बाजूंना इंच-दीड इंच, कमरेला मागे त्याहून जास्त. जून उजाडला की गणवेश शिवायला आलेली आई सांगते, "वाढत्या अंगाचं शिवा हो, पुढच्या वर्षी पण घालायचाय." खालच्या दुमडीत चार बोटं कापड लपतं, दर वर्षी एक घडी उसवली की जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसते आणि त्या रेघेची पोराला लाज वाटते. अडचणीतून आलेली युक्ती आहे ही, तिला फार गोंजारायला नको. पण तिच्यामागचा विचार पक्का आहे. अंग बदलणार हे गृहीत धरून कपडा बेतायचा. तयार कपड्यातून ही माया पहिल्यांदा गेली. शिवणीत एक सेंटिमीटर कापड उरतं, कडेला ओव्हरलॉकची सुरी फिरते आणि कपडा कायमचा त्या मापात अडकतो. कारण उघड आहे. तयार कपड्याच्या खर्चात सहसा मोठा वाटा कापडाचाच असतो, आणि लाखभर नगांत प्रत्येकी दोन इंच सोडायचे म्हणजे किती तागे, हा हिशेब कारखानदाराला तोंडपाठ असतो. सोलापुरात, जिथे गणवेशांचा मोठा उद्योग उभा आहे, तिथे कुठल्याही उत्पादकाला विचारा. तो मायेचा भाव आणेवारीत सांगेल.

जी वस्त्रं शिवलीच जात नव्हती किंवा अगदी थोडी शिवली जात, त्यांत तर मापाचा प्रश्न मुळातूनच निराळा होता. नऊवारी कुठल्या मापाची असते? नऊ वार कापड, आत परकर नाही, मागे काष्टा, कमरेला कापडाचीच गाठ. लग्नातली सडपातळ मुलगी आणि बाळंतपणानंतरची तीच बाई एकच लुगडं नेसते, निऱ्या कमी-जास्त होतात एवढंच. धोतराचंही तेच. लेंग्याला नेफा आणि नाडी. अठ्ठावीसची कंबर असो की अठ्ठेचाळीसची, लेंग्याला काही फरक पडत नाही. बाराबंदीला बटणं नाहीत, बंद आहेत, म्हणून ती पोट पाहून सैल-घट्ट होते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालून अवजड काठी सावरत चालतात. कष्टाच्या कामाला कपडा अडत नाही, याचा आणखी काय पुरावा हवा? कळीदार कुर्ता या सगळ्यांत मला अभ्यासाला सर्वांत चांगला वाटतो. मधे सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना तिरप्या कळ्या, बगलेत एक छोटा चौकोन, खाली बाजूंना कट. छातीत टक्स नाहीत, कमरेत कस नाही. हात वर केला की बगलेतला चौकोन उघडतो, बसलं की कट उघडतात. बाईला, पुरुषाला, जाड्याला, किडकिड्याला तो सारखाच मानवतो.

हे शहाणपण एकट्या भारताचं आहे असं समजू नये. डोरोथी बर्नहॅम यांनी टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमसाठी १९७३ मध्ये 'कट माय कोट' ही छोटीशी पुस्तिका लिहिली. जगभरच्या जुन्या कपड्यांचे आकार मागाच्या पन्ह्यातून कसे निघाले, हे तिच्यात आकृत्यांसह दाखवलं आहे. पन्हा अरुंद, कापड हाताने विणलेलं आणि महाग, म्हणून सरळ रेषांत कापायचं, तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही. जपानी किमोनोही असाच, सुमारे छत्तीस सेंटिमीटर पन्ह्याच्या एका लांब ताग्यातून सरळ पट्ट्या काढून शिवलेला. उंची कमी-जास्त असेल तर बाई कमरेशी घडी घालते. धुवायच्या वेळी तो सगळा उसवून पट्ट्या पुन्हा जोडायचीही रीत होती. एकूण काय, कपडा कुठे तरी सैल सुटायला हवा, आणि ती जागा बेतणाऱ्याने आधी ठरवायला हवी. या पुस्तकातला सगळा विचार त्या एका जागेभोवती फिरतो. घडीत, गाठीत, नाडीत, कळीत की शिवणीतल्या मायेत, ते कपड्यागणिक बदलेल.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झालंच की, नेसा नऊवारी आणि मिटवा प्रश्न. मिटत नाही. नेसायचं वस्त्र अंगाच्या मापाला उदार होतं, माणसाच्या जातीला आणि लिंगाला मुळीच नव्हतं. लुगडं कुठवर आणि कसं नेसायचं यावरून बाईची जात दुरून कळे, आणि कळावी म्हणूनच ती रीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना नेसण्याची जुनी, ओळख पटवणारी पद्धत टाकून द्यायला सांगितलं, आणि बायकांनी ते लगोलग अमलात आणलं. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना वरचं अंग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. १८५९ च्या जाहीरनाम्याने तो मिळाला, तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. म्हणून जुन्या कपड्यांकडे तंत्रासाठी जावं. तिथे कसलं सर्वसमावेशक सुवर्णयुग होतं असा भ्रम बाळगू नये. आणि आजच्या नऊवारीचं काय झालंय तेही बघावं. 'पेशवाई', 'मस्तानी' अशा नावांनी शिवलेली नऊवारी बाजारात मिळते, पायजम्यासारखी चढवायची आणि हूक लावायचा. सोय मोठी आहे, नव्या मुलींना नेसता येत नाही, ढोल-ताशा पथकात तर तिच्यावाचून चालत नाही. पण ती घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं विचारतो, "ताई, कंबर किती?"

आता लिंगाकडे येतो, आणि इथे मला थोडं भांडायचं आहे. 'युनिसेक्स' म्हणून जे विकलं जातं त्यातला बहुतेक माल म्हणजे पुरुषांचा ढगळ टीशर्ट आणि हुडी, राखाडी किंवा मातकट रंगात. १९७० साली रुडी गर्नराइख या अमेरिकी डिझायनरने स्त्री आणि पुरुष मॉडेलच्या अंगावरचे सगळे केस काढून दोघांना एकसारखे कपडे घातले, आणि उद्याचा माणूस असा असेल असं सांगितलं. धाडस होतंच. पण ती दोन्ही अंगं सडसडीत होती. ज्याला वक्षही आहे, पोटही आहे आणि मिशाही आहेत असं अंग त्या उद्यात नव्हतं. भेद मिटवायचा म्हणजे अंगच सपाट समजायचं, ही खोड तेव्हापासून चिकटली आहे.

बेतणाऱ्याच्या कागदावर हा भेद फार ठोस असतो. पुरुषी ब्लॉकमध्ये खांदा रुंद, मुंढा मोठा, छाती ते कंबर जवळपास सरळ. बायकी ब्लॉकमध्ये छातीला टक्स, कमरेत कस, नितंबाला घेर. पुरुषी शर्ट भरल्या छातीच्या व्यक्तीने घातला की दोन बटणांच्या मधे फट पडते. बायकी शर्ट रुंद खांद्याच्या व्यक्तीने घातला की पाठ उसवायच्या बेताला येते. बटणं कुणाची उजवीकडे, कुणाची डावीकडे, हा निव्वळ रिवाजाचा भाग झाला, तो आज दुपारी सोडून देता येईल. खिशांचं मात्र तसं नाही. 'द पुडिंग' या अमेरिकी संकेतस्थळाने २०१८ मध्ये वीस ब्रँडच्या जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. म्हणजे अंगात नसलेला भेदही कपड्याने निर्माण केलेला. खरा निर्लिंगी बेत करायचा तर आधी या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. अंगांतला फरक सामावून घ्यायचा, रिवाजातला सोडून द्यायचा. टक्स गिळून टाकणारी योक, तिच्याखाली चुण्या, खाली उतरलेला खांदा, बगलेतला चौकोन, बंदांनी आवळता येणारी कंबर, ही त्याची हत्यारं. पुढची बरीच प्रकरणं त्यांच्यावरच खर्ची पडली आहेत.

चूक महागात पडते तिथे हे लवकर समजतं. अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने दहा मापं निवडून तपासलं, तर दहाही मापांत 'सरासरी' ठरणारा एकही वैमानिक नव्हता. कॉकपिट मात्र सरासरी वैमानिकासाठी बांधलेलं. मग आसन पुढे-मागे सरकू लागलं, हेल्मेटला पट्टे आले. याच देशाच्या अंतराळ संस्थेने पुढे अवकाशचालीचे पोशाख स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून ठेवले, पण पैसे वाचवायला धडाच्या कवचाचं लहान माप गाळलं. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रिया एकत्र अवकाशचाल करणार होत्या. मध्यम मापाचं वापरायला तयार असलेलं कवच स्थानकावर एकच होतं, आणि बेत बदलावा लागला. ती चाल झाली ऑक्टोबरात. सर्वांसाठी एकच पोशाख असं म्हणणं सोपं असतं. गाळलेलं माप कुणाचं होतं ते नंतर कळतं.

आपल्याकडे हा वाद शाळेच्या फाटकाशी येऊन ठेपला तो केरळात. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा इथल्या प्राथमिक शाळेने मुलामुलींना सारखीच थ्री-फोर्थ चड्डी आणि शर्ट दिला, मुली खेळताना मोकळ्या झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या शाळेने विद्यार्थिनींना शर्ट-पँट दिली तेव्हा काही संघटना रस्त्यावर आल्या. मुलींवर मुलांचे कपडे लादता, असा त्यांचा एक आक्षेप होता. त्यांचे बाकीचे मुद्दे मला पटत नाहीत, पण या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं. तटस्थ म्हणून आपण नेहमी पुरुषाचाच कपडा का उचलतो? ज्या केरळात मुंडू पुरुषही नेसतात आणि बायकाही, तिथेही कुणाला तो सुचला नाही. दरबारी पुरुषांचा जामा घेरदार झग्यासारखा होता, आजच्या अनारकलीचा तो सख्खा पूर्वज. घेर बायकी आणि सरळ पुरुषी, हा नियम वाटतो तितका जुना नाही.

कपड्याचा प्रश्न कायद्याच्या दारातही जाऊन आला आहे. १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य करताना, आपलं लिंग पेहरावातून व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग असल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी मुंबईतल्या लॅक्मे फॅशन वीकच्या मंचावर नेपाळची अंजली लामा ही ट्रान्सजेंडर मॉडेल चालली. त्याच सोहळ्यात २०१६ साली भरल्या अंगाच्या मॉडेलचा स्वतंत्र शोही झाला होता. मंचावरची ही दारं उघडली याचा आनंद आहे. पण मंचावरचा कपडा त्या एका अंगासाठी शिवलेला असतो. रस्त्यावर मात्र पाट्या दोनच, जेंट्स टेलर आणि लेडीज टेलर. दोन्हीकडे पाय टाकायला कचरणारं माणूस कुठे जाणार? टेप घेऊन अंगाशी येणारा हात, "काकू, जरा सुटलात हं" अशी शेरेबाजी, वहीतले ठरीव रकाने, या सगळ्यातून जाण्यापेक्षा पुष्कळ लोक मापाला जुना कपडाच पाठवून देतात. मापं घेण्याच्या पद्धतीवर या पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे ते याचसाठी. मापं गिऱ्हाइकाने स्वतः कशी घ्यावीत, शिंप्याने अंगाला हात लावण्याआधी काय विचारावं, वहीत 'स्त्री/पुरुष' ऐवजी कोणते रकाने असावेत, अशा बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत. पाठ्यपुस्तकांना त्या किरकोळ वाटतात. मला तसं वाटत नाही.

दोन अडचणींचं उत्तर या पुस्तकाजवळ पुरतं नाही, ते आधीच सांगितलेलं बरं. एक म्हणजे कातरणीचा प्रश्न. बेतताना साधारण पंधरा टक्के कापड वाया जातं असं उद्योगात धरतात. ते वाचवण्यासाठी टिमो रिसानेन, हॉली मॅक्विलन यांच्यासारखे डिझायनर सगळे तुकडे एकमेकांत अचूक बसतील असे बेत काढतात. पण असा बेत एका मापासाठी बसला की दुसऱ्या मापाला तो मोडतो. एक तुकडा वाढवला की शेजारचा आकसतो. काटकसर आणि सर्व मापं यांची इथे टक्कर होते, आणि प्रत्येक कपड्यासाठी नव्याने तडजोड करावी लागते. दुसरी अडचण पैशाची. मोठ्या मापाला कापड जास्त लागतं. जाड गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घ्यायचे, की सगळ्या मापांची किंमत एक ठेवून फरक सगळ्यांत वाटायचा? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. बारा वर्षांच्या मुलीला आणि सहा फुटी माणसाला वडापाव एकाच भावाने मिळतो, त्यात कुणाला अन्याय दिसत नाही. पण छोट्या शिवणकेंद्राला हा फरक पेलवेलच असं नाही, आणि ते केंद्र चालवणाऱ्या बाईला प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही.

आता हे पुस्तक कसं वापरायचं त्याबद्दल. ते टेबलावर उघडं ठेवून, कात्री शेजारी घेऊन वाचावं. पहिला नमुना महागड्या कापडावर करू नये, मांजरपाटावर करावा. आणि तो छोट्या मापापासून सुरू करू नये. छत्तीसवरून अठ्ठेचाळीसवर जाताना जे दोष लपून राहतात ते चव्वेचाळीस छातीपासून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी उघडे पडतात. नमुना तीन तरी वेगळ्या अंगांवर घालून पाहावा, त्यातलं एक अंग आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरचं असावं. उभं राहून आरशात बघणं पुरत नाही. मांडी घालून बसायला सांगावं, वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगावा, जिना चढायला लावावा. जिथे ओढ पडेल तिथे खडूने खूण करावी आणि घालणाऱ्याला विचारावं, कुठे रुततंय. बहुतेक लोक आधी "नाही, ठीक आहे" म्हणतात. दुसऱ्यांदा विचारावं.